सामाईक सुतारशाळेतला भुसा: नऱ्ह्यातल्या एका गाळ्याचं प्रकरण

नऱ्हे-धायरीच्या पट्ट्यात लहान उद्योगांचे गाळे पाठीला पाठ लावून उभे आहेत. कुठे लेथ, कुठे पॅकिंगची खोकी, कुठे पावडर कोटिंग. त्यांतला एक गाळा सामाईक सुतारशाळा म्हणून चालतो. महिन्याची वर्गणी भरायची, यंत्रं वापरायची, लाकूड ज्याचं त्याने आणायचं. सभासदांत आयटीत नोकरी करणारे आहेत, निवृत्त इंजिनिअर आहेत, आर्किटेक्चरचे विद्यार्थी आहेत. शिवाय दोन मिस्त्री आहेत. ते हौसेसाठी येत नाहीत, पोटासाठी यंत्रांचे तास विकत घेतात. गाळा ४० बाय २५ फूट, पत्र्यापर्यंत सरासरी १४ फूट उंच. खाली टेबल सॉ, रंधा आणि थिकनेसरचं (फळी एकसारख्या जाडीची करणाऱ्या यंत्राचं) जोडयंत्र, बँडसॉ, राउटर टेबल, मायटर सॉ, लाकडाची लेथ. मागच्या भिंतीला धरून लोखंडी पोटमाळा, आणि त्यावर नोंदवही, संगणक आणि दिवसभर तिथेच बसणाऱ्या व्यवस्थापक ताई.

मी या जागेचा सभासद, आणि पेशा ब्लोअर-डक्टिंगचा. त्यामुळे धुळीचा हिशेब माझ्या गळ्यात पडला. पण हे प्रकरण पंखा आणि पाइपापुरतं नाही. सामाईक जागेत धुळीवर किती खर्च करायचा हे जे ठरवतात, ते ती धूळ सगळ्यात कमी खातात. गाडं वर्षभर नेमकं तिथेच अडलं होतं.

तक्रार कुठून आली

मिस्त्रींचा खोकला जुनाच होता. त्यांतल्या एकाला शिसवी कापली की मनगटापासून कोपरापर्यंत लाल चट्टे उठत. शिसवी आणि सागवानात क्विनोन जातीची द्रव्यं असतात, त्यांची काहींच्या कातडीला ॲलर्जी होते, हे सुतारकामातलं जुनं दुखणं आहे. तो हाताला खोबरेल लावून काम करायचा. कुणी विशेष विचारलं नाही, त्यानेही विशेष सांगितलं नाही.

गाडी हलली ती शेजाऱ्यामुळे. शेजारी पावडर कोटिंगवाले. लोखंडी जॉब धुऊन, पावडर मारून भट्टीत जायच्या आधी रॅकवर टांगलेला असतो, आणि त्याच वेळी आमच्याकडून रंध्याचा धुरळा खिडकीतून तिकडे जायचा. भट्टीतून निघालेल्या पांढऱ्या पॅनेलवर रव्यासारखे दाणे. दोन लॉट परत आल्यावर शेजारी थेट गाळ्याच्या मालकाकडे गेले आणि मालकाने भाडेकराराची आठवण करून दिली. खोकल्याने न झालेली बैठक त्या आठवड्यात झाली.

बैठकीत ठरलं ते झटपट ठरलं. दोन एचपीचं, दोन कापडी पिशव्यांचं डस्ट कलेक्टर आणायचं. वरची पिशवी हवा गाळणार, खालची भुसा साठवणार. चाकांवर असल्यामुळे जिथे काम तिथे न्यायचं. विक्रेत्याने हवेचा मोठा आकडा सांगितला, वर्गणीत बसणारा भाव सांगितला आणि यंत्र आलं. जमीन खरोखरच स्वच्छ दिसू लागली. रंध्याच्या पायाशी गुडघाभर साचणाऱ्या ढलप्या गेल्या. फोटो काढले गेले, कौतुक झालं.

पोटमाळ्यावरच्या ताईंनी मात्र एक गोष्ट लक्षात आणून दिली. त्यांच्या टेबलावरचा थर कमी झाला नव्हता. उलट संगणकाच्या पडद्यावर बोट फिरवलं तर रेघ आता लवकर उमटत होती, आणि ती धूळ आधीपेक्षा मऊ, मैद्यासारखी होती.

टॉर्चच्या उजेडात

ब्रिटनमधले आरोग्य-सुरक्षा निरीक्षक धूळ शोधायला एक साधी युक्ती वापरतात. खोलीत अंधार करायचा, जोरकस झोत सोडायचा आणि झोताच्या उगमाकडे तोंड करून, दिवा स्वतः आड ठेवून बघायचं. एरवी न दिसणारे कण चमकतात. आम्ही संध्याकाळी शटर ओढलं, दिवे घालवले, मागच्या कोपऱ्यात एकाला टॉर्च धरून उभं केलं आणि कलेक्टरचं बटण दाबलं. लाकूड कापलंही नव्हतं. ढिली लोंबणारी वरची पिशवी फट्‌कन फुगली आणि तिच्या सगळ्या अंगातून राखाडी ढग बाहेर पडला. तो खाली बसला नाही. पत्र्याखालून सरकत सरकत पोटमाळ्याच्या कठड्यापर्यंत गेला.

यात यंत्र बिघडलेलं नव्हतं. अशा कापडी पिशव्या बऱ्याचदा ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचं गाळण्याच्या असतात. ढलपी थांबते, भुसा थांबतो, आणि छातीत जाणारं पीठ आरपार निघतं. म्हणजे रंध्याखाली पडून राहिलं असतं ते पीठसुद्धा यंत्र उचलत होतं आणि डोक्याच्या उंचीवर फवारत होतं.

इथे आकार समजून घ्यायला हवा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. १०० मायक्रॉनच्या वरचं लगेच खाली पडतं आणि त्याची भीती कमी. त्याने डोळा चुरचुरतो, नाक चोंदतं. १० मायक्रॉनच्या खालचं घशापलीकडे उतरतं, ४-५ मायक्रॉनच्या खालचं फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचू शकतं. पाण्याइतक्या घनतेचा १० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला जेमतेम ३ मिलिमीटर खाली येतो, म्हणजे नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला आठेक मिनिटं. १ मायक्रॉनच्या कणाला तेच अंतर उतरायला बारा तासांच्या आसपास लागतात, आणि गाळ्यात हवा स्थिर कधीच नसते. संध्याकाळी सहाला कापलेला एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेला बोर्ड, दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडणाऱ्याच्या नाकात जातो तो असा.

लाकडाच्या धुळीची आरोग्याची बाजू नवी नाही. इंग्लंडमध्ये हाय विकम हे खुर्च्या-फर्निचरचं गाव. तिथल्या कामगारांत नाकाच्या पोकळीचा एरवी दुर्मीळ असलेला कर्करोग वरचेवर दिसतो, हे १९६० च्या दशकात डॉक्टरांच्या ध्यानात आलं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. युरोपीय संघात कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा २०२३ पासून हवेच्या घनमीटरमागे २ मिलिग्रॅम आहे, आठ तासांच्या सरासरीने. आपल्याकडे कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १४ ने धूळ जिथे निर्माण होते तिथेच, शक्य तितकी उगमाजवळ, ओढून घ्यायला सांगितलं. हौशी सभासदांची सुतारशाळा त्या कायद्यात बसते का यावर बैठकीत बराच वेळ गेला. माझ्या मते फुकट गेला. फुप्फुस कायद्याची व्याख्या वाचत नाही.

२ मिलिग्रॅम हा आकडा कुणाच्या डोक्यात बसत नव्हता, म्हणून तो गाळ्यावर बसवून दाखवला. ४० गुणिले २५ गुणिले १४ म्हणजे १४,००० घनफूट, साधारण ३९६ घनमीटर. त्या सगळ्या हवेत मिळून ०.८ ग्रॅम पीठ तरंगत असलं की युरोपातली मर्यादा गाठली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक ग्रॅम सागवानी पीठ मोजून कागदावर फिरवलं. त्यानंतर "एवढ्याने काय होतंय" हे वाक्य ऐकू आलं नाही.

कोण किती तास

तरी दुसऱ्या खर्चाला बैठक तयार नव्हती. आत्ताच यंत्र घेतलंय, पिशवी बदला, मास्क लावा, झालं, असा सूर होता. मतदान घेतलं असतं तर तेच पडलं असतं, कारण सभासद तितकी मतं. मग ताईंनी नोंदवहीतून महिन्याच्या तासांची बेरीज काढली. दोघे मिस्त्री आणि स्वतः ताई यांचे गाळ्यातले तास एका बाजूला, उरलेल्या सगळ्या सभासदांचे दुसऱ्या बाजूला. तिघांची बाजू जड होती. आणि त्या तिघांपैकी ताईंना तर मतच नव्हतं, कारण त्या पगारी.

मिस्त्रींतला थोरला एकदाच बोलला. "काका, तुम्ही रविवारचे दोन तास येता, घरी जाऊन आंघोळ करता. मी हा भुसा डब्याबरोबर खातो."

मास्कचा मुद्दाही त्याच बेरजेने निकालात निघाला. रविवारी दोन तास एन-९५ लावणं जमतं. एप्रिलमध्ये पत्र्याखाली आठ तास, घामाने भिजलेला, दाढीवर धड न बसणारा मास्क लावून रंधा मारणं जमत नाही. धूळ उगमाजवळ पकडायची, मग हवा गाळायची, आणि मास्क सगळ्यात शेवटी, हा क्रम कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचं कुठलंही पुस्तक सांगतं. इथे तो उलटा लागला होता, कारण मास्क ज्याचा त्याने विकत घ्यायचा होता.

ठराव झाला तो असा: खर्च वर्गणीतून नाही, यंत्राच्या तासावर जादा आकार लावून, मिस्त्रींना त्या आकारातून सूट, आणि जागेचा आराखडा ताईंच्या टेबलापासून मागे मोजत करायचा. शेवटची अट विचित्र वाटेल, पण तिने बरेच वाद मिटवले. पोटमाळ्यावरची हवा स्वच्छ झाली तरच काम झालं, खाली फरशी कितीही चमको.

पाइपचा हिशेब

परदेशातले सल्ले वाचून आलेल्या सभासदांचा आग्रह होता की गाळलेली हवा आतच सोडावी. थंड देशात ते बरोबर आहे. पैसे घालून तापवलेली हवा बाहेर कोण फेकणार? पुण्यात ती अडचण नाही. आम्ही नवं यंत्र, सायक्लोन आणि फिल्टर मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याची खोली करून तिच्यात बसवलं, आणि फिल्टरमधून निघालेली हवा तिथल्याच जाळीतून बाहेर जाऊ दिली. शेजाऱ्याची खिडकी पुढच्या अंगाला असल्याने तो प्रश्न सुटला. आवाज भिंतीपलीकडे गेला, आणि भुशाला कधी आग लागली तर ती माणसांच्या जागेबाहेर लागेल. एकच पथ्य: जितकी हवा बाहेर जाते तितकी आत यायला वाट हवी. पुढच्या शटरला खाली जाळी बसवली. ती पुठ्ठ्याने झाकली गेली की ओढ पडते, हे आता सगळ्यांना माहीत आहे, कारण तेव्हा मागचं दार उघडायला खांदा लावावा लागतो.

फिल्टर का लागतोच? सायक्लोनमध्ये हवा भोवऱ्यासारखी फिरते, जड माल कडेला जाऊन खालच्या ड्रममध्ये उतरतो. पीठ मात्र हवेबरोबर निसटतं. सायक्लोनमुळे फिल्टर लवकर चोंदत नाही, इतकंच त्याचं काम. ड्रमचं झाकण जराही गळत असलं तर भोवरा तळातून हवा ओढतो आणि बसलेला भुसा पुन्हा वर उचलतो. झाकणाच्या कडेला सायकलची जुनी ट्यूब चिरून बसवली. बाजारातल्या गॅस्केटपेक्षा ती नीट दबते.

पाइप म्हणून इमारतींच्या सांडपाण्याचा एसडब्ल्यूआर पीव्हीसी वापरला. एसीवाल्यांचा जीआय डक्ट, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याचा, जास्त चांगला. पण पीव्हीसी कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, रबर रिंगचे सांधे उघडता येतात, आणि सामाईक जागेत यंत्रं वर्षातून एकदा तरी हलतात. सांधे सोल्युशनने चिकटवले नाहीत, एक स्क्रू आणि टेप.

व्यासावरून खडाजंगी झाली. यंत्रांची तोंडं चार इंची, मग सगळा पाइप ११० एमएमचा का नको? तर असं. भुसा पाइपात न बसता वाहत राहायला हवेचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर हवा. त्या वेगाने ११० च्या पाइपातून, म्हणजे आतल्या १०५ मिलिमीटरमधून, तासाला जेमतेम ६२० घनमीटर हवा जाते. बँडसॉला ते चालतं, रुंद फळीवर चाललेल्या थिकनेसरला नाही. १६० च्या पाइपातून त्याच वेगाने १,३०० घनमीटरच्या पुढे जाते. बारीक पाइपातून जास्त हवा रेटायची म्हटलं तर घर्षण असं वाढतं की तीन एचपीचा पंखा नुसताच ओरडतो. म्हणून मुख्य लाइन १६० ची, रंधा-थिकनेसरची फांदीही १६० ची, बाकी फांद्या ११० च्या. काटकोनी बेंड कुठेही नाही, दोन ४५ चे तुकडे जोडून वळण. टी नाही, वाय, आणि तीही वाहत्या दिशेला कललेली. यंत्राजवळचा वळ्यावळ्यांचा लवचीक होज वीतभर ठेवला. त्याचा विरोध गुळगुळीत पाइपाच्या दुप्पट-तिप्पट असतो.

विक्रेत्याच्या आकड्याबद्दल इथेच सांगून टाकतो. पत्रकात लिहिलेली हवा बहुधा पाइप न जोडता, स्वच्छ फिल्टरवर असते. शिवाय कित्येक पत्रकं अमेरिकेतल्या यंत्रांवरून उतरवलेली. तिथे वीज ६० हर्ट्‌झची, मोटर मिनिटाला ३,४५० फेऱ्यांची. आपल्याकडे ५० हर्ट्‌झवर तीच मोटर २,८८० च्या आसपास फिरते. पंख्याची पाती तीच असतील तर हवा सुमारे ८३ टक्के मिळते आणि दाब ७० टक्क्यांवर येतो, कारण दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. पंखा घेताना एकच प्रश्न विचारा: ५० हर्ट्‌झवर, २०० ते २५० मिलिमीटर पाण्याच्या दाबाला हवा किती? उत्तर आलं नाही तर दुकान बदला. आम्हाला तीन एचपीचा थ्री-फेज पंखा पुरला. महावितरणकडून भार वाढवून घेण्यात गेलेला वेळ पाइप जोडण्यापेक्षा जास्त होता.

फिल्टर चोंदला हे कळणार कसं? गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी इंग्रजी यू सारखी वाकवून फळीवर ठोकली, आत निळीचं पाणी. एक टोक फिल्टरच्या आधीच्या कप्प्यात, दुसरं मोकळं. पंखा चालू असताना दोन्ही पातळ्यांत जो फरक पडतो तो फिल्टरचा विरोध. नवा फिल्टर असताना जिथे पाणी थांबलं तिथे हिरवी रेघ, दुप्पट फरकाला लाल. पावसाळ्यात लाल रेघ लवकर येते. दमट पीठ फिल्टरच्या घड्यांत लापशीसारखं बसतं आणि झटकलं तरी निघत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कोरडा दिवस बघूनच फिल्टर साफ करायचा, असं ठरवावं लागलं.

तोंड जवळ हवं

फुंकर हातभर जाते, ओढ मात्र पाइपाच्या तोंडाशीच संपते. तोंडापासून एका व्यासाइतकं लांब गेलं की हवेचा वेग दहाव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे चार इंची नळी करवतीपासून चार इंच दूर ठेवली तर ती फारशी कामाची नाही, एक फूट दूर ठेवली तर ती शोभेची. टेबल सॉच्या पोटातली भोकं बंद केली, पात्याच्या वरच्या गार्डलाही वेगळी नळी दिली, कारण पीठ पात्याच्या वरच्या दातांतून कापणाऱ्याच्या तोंडावर येतं. ते गार्ड काढून ठेवायची सवय मोडायला पाइपपेक्षा जास्त वेळ लागला.

आणखी एक शत्रू होता, तो म्हणजे पेडेस्टल पंखा. उन्हाळ्यात तो लागतोच. पण त्याच्या झोतापुढे कुठलंही तोंड टिकत नाही. नळीकडे निघालेलं पीठ तो थेट समोरच्याच्या अंगावर नेतो. पंखे बंद करा म्हणणं अमानुष झालं असतं. ते माणसाच्या पाठीमागून नाही तर बाजूने, आणि यंत्राच्या टेबलाच्या वरून वाहतील असे भिंतीवर बसवले. थोडं नुकसान होतंच. ते मान्य केलं.

पेपर मारणं हे सगळ्यात वाईट काम. हाताच्या ऑर्बिटल सँडरला मोठा कलेक्टर चालत नाही. त्याच्या बोटभर नळीतून हवा ओढायला दाब जास्त लागतो आणि हवा कमी. ते काम व्हॅक्यूम क्लीनरचं, बारीक फिल्टरवाल्या. दोन व्हॅक्यूम घेतले आणि सँडर त्यांच्या नळीला कायमचे जोडून टाकले, सुटे देणं बंद. खाली ओढ असलेलं जाळीचं सँडिंग टेबलही केलं. नुसत्या हाताने पेपर मारणाऱ्यांना ते बरं पडतं.

कॉम्प्रेसरची हवा मारून कपडे आणि यंत्रं झटकायची पद्धत मात्र बंदच केली. दिवसभर ओढून घेतलेलं पीठ एका फवाऱ्यात परत हवेत जातं. हवेच्या गनचं टोक काढून ताईंच्या खणात ठेवलंय.

दोन मुठी

एवढं करूनही पहिल्या आठवड्यांत ओढ नव्हती. कारण साधं होतं, सगळी गेट उघडी. प्रत्येक फांदीला सरकत्या पत्र्याचं गेट आहे. काम झालं की ते बंद करायचं. आपल्या घरातला दिवा माणूस मालवतो, जिन्यातला मालवत नाही. पाट्या लावल्या, ग्रुपवर मेसेज झाले, दंडाची भाषा झाली, फरक शून्य.

तोडगा रेल्वेतून आला. एकेरी लाइनवर चालकाकडे त्या टप्प्याचं टोकन असल्याशिवाय गाडी पुढे जात नाही, आणि टोकन एकच असल्याने दोन गाड्या समोरासमोर येत नाहीत. आम्ही गेटच्या पत्र्यांच्या मुठी काढून टाकल्या. सगळ्या गेटना मिळून दोनच सुट्या सागवानी मुठी केल्या, इथल्याच लेथवर. मूठ खाचेत घालून पत्रा ओढायचा. पत्रा पूर्ण बंद असल्याशिवाय मूठ खाचेतून निघत नाही. दुसऱ्याला यंत्र वापरायचं असेल तर तो मूठ मागायला येतो, आणि गेट आपोआप बंद होतं.

दोनच का, याला हिशेब आहे. ११० च्या दोन फांद्यांची हवा जवळजवळ १६० च्या मुख्य लाइनइतकी होते. तीन उघडल्या की प्रत्येकीचा वेग पडतो. आणि एकच उघडली तर? तेही चालत नाही. मग मुख्य लाइनमधला वेग सेकंदाला ९-१० मीटरवर येतो आणि ढलप्या आडव्या पाइपात गाळासारख्या बसतात. म्हणून गाळ्यात एकच माणूस असेल तेव्हा दुसरी मूठ त्याने सँडिंग टेबलच्या गेटला लावायची. थिकनेसरच्या १६० च्या गेटला दोन खाचा आहेत, दोन्ही मुठी लागतात. तो चालू असताना बाकी सगळे थांबतात. यावर कुरकुर अपेक्षित होती, ती झाली. पण थिकनेसरचे तास आता वहीत आधी लिहिले जातात, आणि मिस्त्रींना सकाळचे तास मिळाले.

ड्रम कोण रिकामा करणार हा प्रश्न मुठीने सुटत नव्हता. हौशी सभासदांपैकी काहींना तो आपला प्रश्न वाटतच नव्हता. वर्गणी भरतो ती कशासाठी, मिस्त्री आहेत ना, असं एकाने म्हटलंही. आपल्याकडे झाडू कुणाच्या हातात असायचा हे जुनं ठरलेलं आहे आणि सामाईक जागा म्हटली तरी ते दाराबाहेर राहत नाही. थोरल्या मिस्त्रीने उत्तर दिलं नाही, त्या दिवशी काम आवरून निघून गेला. नियम पुढच्या बैठकीत झाला: ड्रमच्या काचेत भुसा रेघेला लागलेला दिसेल त्याने पंखा थांबवून ड्रम रिकामा करायचा, मग तो निवृत्त मुख्य अभियंता असो की पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. पहिल्यांदा पाळी आली ती त्याच गृहस्थांवर. त्यांनी केला. हातमोजे मागितले, ते तेव्हापासून ड्रमशेजारी टांगलेले असतात.

ठिणगी

पीव्हीसीत स्थिर वीज साचते, स्फोट होईल, ही भीती दर बैठकीत निघाली. पाइपावरून तांब्याची तार गुंडाळून अर्थिंग दिलं. थंडीत हाताला बसणारे चटके कमी झाले. पण खरी भीती तिथे नाही. लाकडाच्या कोरड्या पिठाचा स्फोट व्हायला हवेत घनमीटरमागे साधारण ४० ग्रॅम किंवा त्याहून जास्त पीठ लागतं, श्वासाच्या मर्यादेच्या वीस हजार पट. माणूस उभा राहू शकतो अशा हवेत ते नसतं. ते असतं यंत्राच्या पोटात, पिशव्यांत, वर्षानुवर्षं न झाडलेल्या तुळयांवर. इंग्लंडमध्ये बॉस्ली गावातल्या लाकडाचं पीठ करणाऱ्या कारखान्यात १७ जुलै २०१५ ला स्फोट होऊन चार जण गेले. आमच्या गाळ्याचा आवाका तो नाही. पण तुळया झाडायचं काम वेळापत्रकात आलं ते ही हकिगत सांगितल्यावर, आणि तेही व्हॅक्यूमने, झाडूने नाही.

आमच्यासारख्या जागेत आग लागते ती ठिणगीने, आणि ती सावकाश लागते. जुन्या दाराच्या चौकटीतला खिळा पात्याला लागतो, ठिणगी ओढली जाते, ड्रमच्या तळाशी भुसा धुमसत राहतो आणि सगळे घरी गेल्यावर पेट घेतो. नवं यंत्र येऊन थोडे दिवस झाले नाहीत तोच एका विद्यार्थ्याने बेंच ग्राइंडरला राउटर टेबलची नळी लावून छिन्नीला धार काढायला घेतली. लोखंडाच्या ठिणग्या थेट भुशात. कुणीतरी वेळेत पाहिलं. आता ग्राइंडर वेगळ्या भिंतीला आहे, जिथे नळी पोचतच नाही. जुन्या लाकडावर आधी मेटल डिटेक्टर फिरवतात, आणि शटर ओढायच्या आधी ड्रम भरलेला असो वा नसो, बाहेर झाकणाच्या पिंपात रिकामा होतो. जवसाच्या तेलाचे बोळेही आपोआप पेटतात. ते पाण्याच्या डब्यात, घट्ट झाकून.

काय राहिलं

शेजारी आता तक्रार करत नाहीत. ताईंच्या टेबलावर थर येतो, पण आठवड्याने, आणि तो रस्त्यावरच्या मातीचा जास्त असतो. मिस्त्रीच्या हातावरचे चट्टे कमी झाले नाहीत. ॲलर्जी एकदा बसली की थोड्या धुळीलाही उठते. तो शिसवीचं काम धाकट्याला देतो आणि स्वतः सागवान-आंब्यावर राहतो.

मायटर सॉ हरला नाही. त्याचं पातं खाली येताना भुसा मागे पंख्यासारखा उडवतं आणि कोन बदलला की दिशा बदलते. मागे कापडी खोळ लावली, जुना दोन एचपीचा कलेक्टर त्याला कायमचा जोडला, वरची पिशवी काढून यंत्राचं ते तोंड मागच्या भिंतीतून पत्र्याच्या खोलीतल्या बारीक फिल्टरला दिलं. अर्धाअधिक भुसा पकडला जातो. बाकीचा अजून झाडावा लागतो.

एमडीएफचा प्रश्न बाकी आहे. त्याचं पीठ सगळ्यात बारीक, आणि त्यात युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद. निव्वळ लाकडाचा भुसा जवळचा एक गोठेवाला जनावरांखाली अंथरायला नेत असे. ड्रममध्ये एमडीएफ मिसळायला लागल्यावर त्याला स्पष्ट सांगून तो भुसा देणं आम्ही बंद केलं, आणि पिंपं साचू लागली. सध्याचा प्रस्ताव असा: एमडीएफ फक्त गुरुवारी, आजूबाजूचे गाळे बंद असतात आणि ताईंची सुट्टी असते तेव्हा, सुरू करताना आणि संपल्यावर ड्रम बदलायचा. मिस्त्री तयार आहेत. विद्यार्थी नाहीत, कारण एमडीएफ सगळ्यात जास्त तेच कापतात, मॉडेलसाठी, आणि गुरुवारी त्यांचं कॉलेज असतं. पुढच्या बैठकीत यावर मत घ्यायचं आहे. या वेळी ताईंनाही मत आहे.